मारितचा खोकला

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून "आजाराशी झुंज" या विषयावर काहीतरी प्रेरणादायी लिहा असं सांगितलं, तेव्हा मी दोन दिवस विचार करून नाही म्हणाले. झुंजीला दोन बाजू लागतात. माझ्या बाबतीत एक बाजू रोज सकाळी आठ वाजता सरकारी नर्ससमोर बसून मूठभर गोळ्या गिळत होती आणि नंतर आ करून, जीभ वर उचलून, तोंड रिकामं झाल्याचं दाखवत होती. याला झुंज म्हणायचं तर शाळेत हजेरी देणं हेही युद्धच.

तरी लिहिते आहे, ते वेगळ्या कारणासाठी. ज्यांच्या डाव्या दंडावर लहानपणी टोचलेल्या बीसीजीचा गोल व्रण आहे, आणि ज्यांच्या अमेरिकेतल्या घरात कुठल्याशा ड्रॉवरमध्ये अर्धवट घेतलेल्या गोळ्यांची एक बाटली पडून आहे, त्यांच्यासाठी. असे लोक या देशात किती असतील मला माहीत नाही. माझ्या ओळखीत सात होते. त्यातल्या चौघांना ती बाटली ड्रॉवरमध्ये टाकायला मीच सांगितलं होतं.

*

आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहतो. सुधीर, माझा नवरा, पुण्याचा, मी नागपूरची. तिथे मी कॉलेजात इतिहास शिकवत असे. इथे व्हिसाच्या नियमाप्रमाणे मला नोकरी करायची परवानगी नव्हती, म्हणून मी लायब्ररीतली पुस्तकं वाचत असे आणि मत देत असे. मत द्यायला परवानगी लागत नाही.

आमची वसाहत एका जुन्या शेतावर उभी आहे. बिल्डरने शेत नाहीसं केलं आणि शेताचं नाव मात्र दगडी कमानीवर कोरून ठेवलं. गल्लीच्या टोकाला, तळ्याच्या पलीकडे, गुडघाभर उंचीच्या लोखंडी कठड्यात पाच दगड आहेत. एक मोठा आणि चार विटेएवढे. घर घेताना एजंटने हे सांगितलं नव्हतं. सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा आम्ही ते "जुनं स्मारक" असल्याचं सांगितलं, आणि त्यांनी येता-जाता त्याला नमस्कार केला. मी तीन वर्षं माझ्या मुलीला, ओवीला, बाबागाडीत घालून तिथून जात होते. दगडावर काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नव्हतं.

*

ओवी दीड वर्षाची असताना मी घराजवळच्या एका नर्सरी शाळेत आठवड्यातून दोनदा मदतीला जायचं ठरवलं. मुलांमध्ये काम करायचं तर क्षयाची चाचणी लागते. हाताच्या आतल्या बाजूला सुई टोचतात आणि दोन दिवसांनी फुगवटा पट्टीने मोजतात. माझा चांगला टपोरा आला. एक्स-रे स्वच्छ होता. क्लिनिकमधल्या बाईंनी समजावून सांगितलं की जंतू शरीरात झोपलेला आहे, नऊ महिने रोज एक गोळी घेतली तर तो बहुधा कधीच उठणार नाही.

मी अकरा दिवस घेतली. मग एका पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने आपला डबा आणायच्या जेवणाला, विषय निघाला. "अगं, ते बीसीजीमुळे येतं. आपल्या सगळ्यांचंच पॉझिटिव्ह येतं," असं तिथे एकाने ऐकवलं. दुसऱ्याने त्या गोळ्यांनी लिव्हर जातं अशी भर घातली. मी घरी येऊन दोन लेख वाचले. लशीमुळे चाचणी कधी कधी फसते हे त्यात होतं, आणि ते खरंही आहे. लेखाचा पुढचा भाग, म्हणजे आपल्यासारख्या देशातून आलेल्या माणसाने त्यावर भरवसा ठेवू नये हा, मी वाचला नाही असं नाही. वाचला, आणि मला तो गोऱ्या लोकांचा घाबरटपणा वाटला. शिक्का मारलेल्या कुठल्याही गोष्टीवर मी सहसा विश्वास ठेवत नाही. हा माझा गुण आहे अशी माझी तोवर समजूत होती.

पुढे ती नर्स पट्टी घेऊन हात कसा मोजते याची मी नक्कल करू लागले. भुवया उंचावून, ओठ मुडपून, एक मिलिमीटर इकडे, एक तिकडे. दर पॉटलकला फर्माईश होत असे. सगळ्यात जास्त हसायची शुभदा, माझी इथली सर्वांत जवळची मैत्रीण. तिने आपली बाटली त्याच आठवड्यात बंद केली.

*

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात खोकला सुरू झाला. पहिल्यांदा तो ॲलर्जीचा होता, मग ब्राँकायटिसचा, मग ॲसिडिटीचा. एवढी पदं भूषवलेला खोकला मी दुसरा पाहिला नाही. दरवेळी नवीन औषध, दरवेळी चार दिवस बरं. घरी आल्याचा रस, मध, ज्येष्ठमध चालूच होतं. संध्याकाळी अंगात कणकण असे. वजन उतरत होतं, आणि मंडळातल्या बायका मला कोपऱ्यात गाठून डाएट विचारत होत्या. मी संकोचाने हसून "काही विशेष नाही ग" म्हणत असे, जणू ते माझंच कर्तृत्व होतं.

त्या वर्षी गणपतीला नाटक होतं. तालमी एका घराच्या बेसमेंटमध्ये, खिडक्या बंद, सहा आठवडे. मी प्रॉम्प्टर होते. म्हणजे सगळ्यांच्या जवळ उभं राहून कुजबुजणं हेच माझं काम होतं.

ऑक्टोबरात एका सकाळी बेसिनमध्ये रक्त दिसलं. फार नाही. कुंकवाचं बोट पाण्यात बुडवावं तेवढंच.

*

निदानाच्या दिवसाबद्दल लोक सांगतात की पायाखालची जमीन सरकली, कान बधिर झाले. मला सगळं नीट ऐकू येत होतं. एक्स-रे काढून झाल्यावर मला बाहेर बसवलं नाही. एका खोलीत नेलं, हातात मास्क दिला आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने तरुण डॉक्टर आला, तोही मास्क लावून. उजव्या फुप्फुसात वर एक पोकळी आहे असं त्याने सांगितलं आणि विचारलं, पूर्वी कधी त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह आली होती का?

हो.

औषध पूर्ण केलंत?

नाही.

एवढंच. त्याने ते लिहून घेतलं. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं, मी वाद घालू शकले असते. मग त्याने विचारलं, "घरात लहान मुलं आहेत?"

ओवी साडेतीन वर्षांची होती. तिला वरणभात गरम चालत नसे आणि मी प्रत्येक घासावर फुंकर घालून तिला भरवत असे. त्या खोलीत बसून मी घासांचा हिशोब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

*

पहिले काही दिवस हॉस्पिटलमध्ये, दोन दारं असलेल्या खोलीत. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. जेवणाचा ट्रे आणणारी मुलगी श्वास रोखून आत येई, ट्रे ठेवी आणि बाहेर जाऊन श्वास घेई. तिला दोष देता येत नव्हता. छतातला पंखा खोलीतली हवा सतत ओढून बाहेर टाकत होता, आणि माझ्या आयुष्यात माझ्या उच्छ्वासाची एवढी दखल कुणीच घेतली नव्हती.

मग घरी, पण खालच्या मजल्यावर. पाहुण्यांची खोली, वेगळी बाथरूम, जिन्याच्या तोंडाशी ट्रे. ओवी आणि सुधीर वर. थुंकीच्या तीन तपासण्या स्वच्छ येईपर्यंत मला कुणाबरोबर एका खोलीतल्या हवेत बसायची बंदी होती. त्याला सात आठवडे लागले. ओवी वरून फोन करायची. तिला मराठी समजे, बोलायची इंग्रजीत.

"आई, व्हाय आर यू ऑन द फोन? आय कॅन हिअर यू थ्रू द फ्लोअर."

मी सांगितलं की आईचा खोकला अजून बरा नाही. तिने स्वतः खोकून दाखवलं. "लाइक धिस?" ती नक्कल करत होती. माझ्यावरच गेली आहे. पण ती नक्कलच आहे ना, हे फोनवरून कळायला मार्ग नव्हता.

रोज सकाळी आठला लिंडा येई. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याच्या आरोग्यखात्याची नर्स, साठीला आलेली, पश्चिमेकडच्या एका दुभत्या गाईंच्या शेतावर वाढलेली, गाईच्या शांतपणाने बोलणारी. ती समोर बसून मला गोळ्या गिळायला लावी. त्या गोळ्यांनी लघवी, घाम, सगळं केशरी होतं. अश्रूसुद्धा. पहिल्यांदा रुमालावर तो रंग पाहिला आणि रडणं थांबलं. इतक्या गंभीर प्रसंगी इतकं रंगीत दिसणं बरं नव्हे.

तिसऱ्या दिवशी लिंडाने कोरा कागद काढला. गेल्या चार महिन्यांत बंद खोलीत मी ज्यांच्यासोबत तासनतास होते त्यांची नावं हवी होती. मी नाटकाची पात्रयादी सांगितली. मग वाद्यवृंद. मग नेपथ्य. मग ज्यांच्या बेसमेंटमध्ये तालमी झाल्या ते काका-काकू. लिंडा प्रत्येक नावाचं स्पेलिंग विचारत होती. शुभदाचं नाव मी सगळ्यात शेवटी सांगितलं, कारण तिच्या कडेवर सात महिन्यांचं बाळ होतं आणि ती ते तालमीला आणत असे.

*

मला मोकळ्या हवेत फिरायची मुभा होती, फक्त माणसांपासून लांब. म्हणून मी रोज दुपारी गल्लीच्या टोकाच्या त्या दगडांपर्यंत जाऊ लागले. ज्यांचं मी काहीही वाईट करू शकणार नाही असे तेवढेच शेजारी उरले होते. तेव्हा प्रथम मी दगड वाचले. मोठ्यावर मारित, वय चौतीस. लहानांवर फक्त नावं आणि वयं: नऊ, सात, पाच, तीन.

मी लिंडाला विचारलं. दोन दिवसांनी तिने लायब्ररीतून एक पुस्तिका आणली. गावाच्या शताब्दीला एका निवृत्त शाळामास्तराने लिहिलेली, पहिल्या पानावर नगरपित्यांचे फोटो. मारितवर एक प्रकरण होतं आणि परिशिष्टात तिने नॉर्वेतल्या बहिणीला लिहिलेल्या तीन पत्रांचं भाषांतर. मास्तरांनी म्हटलं होतं की तिने कधीही तक्रार केली नाही. त्यांनी परिशिष्ट वाचलं नसावं.

मारित दीडशे वर्षांपूर्वी, विशीच्या आत लग्न करून नॉर्वेहून इथे आली. पहिला हिवाळा टेकडीच्या पोटात खणलेल्या खोलीत, वर गवताच्या ढेपांचं छप्पर; पाऊस थांबल्यावरही छत दोन दिवस गळत राही. मग ओंडक्यांचं घर. बारा वर्षांत सहा मुलं. आठ गाई, त्यांचं दूध, लोणी, रविवारखेरीज रोज पाव. पहिल्या पत्रात ती वाऱ्याबद्दल तक्रार करते, माश्यांबद्दल करते, आणि नवऱ्याच्या भावाबद्दल करते, जो तिच्या स्वयंपाकघरात झोपतो आणि चुलीवर तंबाखू थुंकतो. दुसऱ्यात पाद्रीबुवांबद्दल, जे वर्षातून तीनदा येतात आणि तिन्ही वेळा कोंबडी खातात. मला ही बाई आवडू लागली.

दुसऱ्या पत्रात आणखी एक माणूस येतो. पूर्वेकडचा एक तरुण शिक्षक. त्या काळी मिनेसोटाची कोरडी थंड हवा फुप्फुसांना अमृत असल्याची जाहिरात होत असे आणि छातीचे रोगी लांबून इथे राहायला येत. हा एक हिवाळा त्यांच्या घरी, माळ्यावर राहिला. मारितने त्याला दूध दिलं, त्याची भांडी धुतली, त्याचे रुमाल उकळले. वसंतात तो गेला. बरा होऊन की तसाच, ते पत्रात नाही.

तिसरं पत्र छोटं आहे. तिला खोकला आहे. डॉक्टर म्हणतो थंडी पडली की थांबेल, इथल्या हवेसारखी हवा नाही. ताक घुसळताना बसावं लागतं. सगळ्यात धाकटी, अंगावरची मुलगी, तिने नणंदेकडे पाठवून दिली आहे, कारण दूध आटलं. आणि मग: "पेटरला माझा खोकला लागला आहे. तो माझ्याच चमच्याने खातो, दुसऱ्या कुणाच्या हाताने खात नाही."

मी ते वाक्य तिथेच सोडून पुस्तिका मिटली. खोकल्याचा जंतू असतो हे ती गेल्यावर काही वर्षांनी जर्मनीत कळलं. तिच्या लेखी तो घराण्यात असतो, किंवा ओलीतून येतो, किंवा देवाकडून. ती चमच्याचं वाक्य कौतुकाने लिहीत होती.

*

ओवीच्या हाताला सुई टोचली ती लिंडानेच, वर, आमच्या जेवणाच्या टेबलाशी. दोन दिवसांनी मोजायला आली. मी खाली होते. मला वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग लिंडाची पावलं जिन्यावर. ती मास्क लावून आत आली आणि आधी बसली. नेहमी ती उभ्यानेच बोलायला सुरुवात करत असे.

"पॉझिटिव्ह आहे," ती म्हणाली.

आणि मी काय म्हणाले ते लिहायची लाज वाटते, पण हा लेख त्यासाठीच आहे. मी म्हणाले, "बीसीजीमुळे नसेल?"

लिंडाने माझ्याकडे पाहिलं. "वैशाली, ती इथे जन्मली आहे."

अमेरिकेत ती लस देत नाहीत. ओवीच्या दंडावर व्रण नाही. तिचा दंड मी रोज आंघोळीला पाहत आले होते, गुळगुळीत, कोरा. इतकी वर्षं मी ज्या व्रणामागे लपले होते तो तिला मी दिलेलाच नव्हता. बाकी सगळं दिलं होतं.

एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या मुळाशी गाठी सुजलेल्या दिसल्या. एवढ्या लहान मुलांना थुंकी काढता येत नाही, ती गिळतात. म्हणून सकाळी जाग आल्या आल्या, उपाशीपोटी, नाकातून पोटात नळी घालून ती काढून घेतात. तीन सकाळी. त्यासाठी ओवीला हॉस्पिटलमध्ये ठेवलं. मला तिथे जायला मनाई होती. सुधीर तिचे हात धरून बसला.

पहिल्या सकाळी त्याने फोन चालू ठेवला होता. कशाला ते मला माहीत नाही, त्यालाही नसावं. ओवी मराठीत ओरडत होती. घाबरली की तिला मराठी येतं. आई ये, आई ये, एवढंच. दुसऱ्या सकाळी मी त्याला फोन बंद ठेवायला सांगितलं. तिसऱ्या सकाळी त्याने नंतर फोन केला आणि म्हणाला, "आज रडली नाही." चांगली बातमी सांगावी तसं.

रोग होता. सुरुवातीचाच, बरा होण्यासारखा, सगळे तसंच सांगत होते. पण होता.

*

त्याच आठवड्यात सुधीर स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये चिकटपट्टी शोधत होता. संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी ट्रेमध्ये पोळी, भाजी, वरण आणि वाटीच्या शेजारी ती बाटली होती. केशरी प्लास्टिक, माझं नाव, दोन वर्षांपूर्वीचं लेबल. त्याने चिठ्ठी लिहिली नव्हती. चार दिवस आमचं बोलणं दूध संपलं आणि पेपर आला इतकंच झालं. पाचव्या दिवशी तो जिन्यावर, वरून तिसऱ्या पायरीवर येऊन बसला. तेवढं अंतर चालत असे.

"मी पण हसलो होतो," तो म्हणाला. "तू नक्कल केलीस तेव्हा."

आमच्यात त्यानंतर या विषयावर भांडण झालं नाही. झालं असतं तर कदाचित लवकर संपलं असतं.

आईला नागपूरला फोन केला. ती आधी रडली आणि मग तिने विचारलं, तिकडच्या लोकांना कळलंय का. इकडे कुणाला सांगू नकोस, धाकटीचं जमायचंय. मग आवाज उतरवून ती म्हणाली की तुझी आत्या गेली ती ह्यानेच. मला लहानपणापासून सांगितलं होतं की आत्याला "छातीचा त्रास" होता. मी पाच वर्षांची होईपर्यंत आत्याच्या कुशीत झोपत असे. आमच्या घरात एम.ए. झालेले चार जण होते आणि त्या शब्दाचा उच्चार एकानेही केला नव्हता.

शुभदाला मी स्वतः फोन केला. काउंटीचं पत्र तिला पोहोचलं होतं, पण पत्रात नाव नसतं. मी म्हणाले, ते पत्र माझ्यामुळे आहे. आणि गोळ्या घे, बाळाची चाचणी कर, मी तेव्हा सांगितलं ते चूक होतं.

"तू नक्कल किती छान केली होतीस ग," ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

तिच्या बाळाची चाचणी दोन्ही वेळा निगेटिव्ह आली. हे मला लिंडाने सांगितलं नाही, तिला सांगता येत नाही. शुभदाच्या नवऱ्याने सुधीरला ऑफिसात सांगितलं. नाटकातल्या दोघांना गोळ्या सुरू झाल्या. मंडळाच्या ईमेलवर "कोण?" असा प्रश्न फिरला, पण एकदम गायब झालेली प्रॉम्प्टर एकच होती. पुढचं वर्षभर पॉटलकला माझा डबा जसा नेला तसा परत येई. शुभदा आता भेटली की बोलते. हवापाण्याचं बोलते.

*

मारित जानेवारीत गेली. पुस्तिकेत याला एक परिच्छेद आहे आणि त्यात "शांतपणे" हा शब्द दोनदा येतो. उरलेलं मला लिंडाने सांगितलं. तिच्या आजीच्या तोंडून तिने असे हिवाळे ऐकले होते. जानेवारीत इथली जमीन पहारीनेही फुटत नाही. म्हणून पेटी धान्याच्या कोठारात ठेवत, ओटच्या राशीवर, आणि बर्फ वितळेपर्यंत थांबत. घोड्यांना ओट लागतच. ते आणायला रोज सकाळी मुलंच जात असणार.

पुढच्या चार वर्षांत पेटर गेला आणि मग बाकीचे तीन. दोन मुलं जगली. एक थोरला, जो शेजारच्या शेतावर कामाला ठेवला होता, आणि दुसरी ती तान्ही, जिला दूध नव्हतं म्हणून नणंदेकडे पाठवलं होतं. जी आईपासून लांब राहिली ती दोन.

मास्तरांनी प्रकरणाचा शेवट असा केला आहे की मारितने आपलं सर्वस्व मुलांना दिलं. मी हे लिंडाला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गोळ्यांचा डबा आवरत राहिली. मग म्हणाली की माझ्या आजीने असं कधी म्हटलं नसतं, पण आजीला कुणी लिहायला सांगितलं नाही.

*

उपयोगाचं थोडं. गोळ्या नाश्त्याआधी जातात, पण मळमळतं. लिंडाने परवानगी दिल्यावर मी दोन बिस्किटांबरोबर घेऊ लागले. डोळ्यांची तपासणी चुकवू नका, यातली एक गोळी नजरेवर परिणाम करू शकते. लहान मुलांची गोळी कुटून आम्रखंडात चांगली लपते; ओवीने नऊ महिने खाल्लं आणि आता तिला आम्रखंड समोर दिसलं की उलटी येते. पहिल्या महिन्यात बरं वाटू लागतं आणि तेव्हाच औषध सोडावंसं वाटतं. ज्यांना स्वतःच्या अकलेवर विश्वास आहे त्यांनी त्या महिन्यात विशेष सांभाळावं.

आणि लहानसं एक. तिसरी तपासणी स्वच्छ आली त्या सकाळी लिंडाने मास्क काढला, पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, वरून रोज कसला वास येतो? मी वर गेले, सात आठवड्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि पोहे केले. तिने माझ्या समोर बसून, माझ्या हातचे, दोनदा घेऊन खाल्ले. त्यानंतर काही वर्षं गेली, पण इतकी मोठी मेजवानी मी कुणाला दिलेली नाही.

ओवी त्या दिवशी माझ्याजवळ आली नाही. दाराच्या आडून बघत राहिली. तिला सात आठवडे सांगितलं होतं की आईजवळ जायचं नाही, आणि ती आज्ञाधारक मुलगी आहे. जेवताना मी तिच्या वरणभातावर वर्तमानपत्राने वारा घातला.

*

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्या दगडांपाशी समारंभ झाला. गावाने कठडा रंगवला आणि ब्राँझचं शिल्प बसवलं: ताठ पाठीची एक बाई, कडेवर मूल, नजर पश्चिमेकडे. खाली "पायोनिअर माता". फुप्फुसं उत्तम दिसत होती. महापौर बोलले, शाळेचा बँड वाजला, लिंबू सरबत होतं. भाषणात वारा होता, बर्फ होता, श्रद्धा होती, खोकला नव्हता. लिंडा निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेली होती, नाहीतर मला हसायला कुणी मिळालं असतं.

ओवी सहा वर्षांची झाली होती. तिला वाचता येऊ लागलं होतं, आणि ते ती सर्वत्र सिद्ध करत असे. तिने पाचही दगड मोठ्याने वाचले. हे सगळे एकाच आईचे का, तिने विचारलं. मी हो म्हटलं. कशाने गेले? मी सांगितलं, आपल्याला झाला होता त्याच खोकल्याने. आधी आईला झाला, मग तिच्याकडून त्यांना. त्यांनी औषध नाही घेतलं? तेव्हा औषध निघालंच नव्हतं, मी म्हणाले.

"बट वुई हॅड इट," ओवी समाधानाने म्हणाली.

मी तिथेच थांबू शकले असते. बँड वाजत होता.

"हो," मी म्हणाले. "माझ्याकडे तर तुला खोकला व्हायच्या आधीपासून होतं. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये."

तिने मान वर करून पाहिलं. "देन व्हाय डिडन्ट यू टेक इट?"

"मला वाटलं, मला जास्त कळतं."

ओवी वाकली आणि एकेका लहान दगडावर बोट ठेवत तिने मोजलं, एकपासून चारपर्यंत.

"आपल्या घरी तर मी एकटीच आहे," ती मराठीत म्हणाली, आणि सरबताच्या रांगेत जाऊन उभी राहिली.